भोसरी ते जेल रोड : चोवीस सुया

दर पाच-सहा आठवड्यांनी माझी गाडी पुणे-नाशिक रस्त्याला लागते. डिकीत तांदूळ-डाळी, मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे आणि शेजारच्या सीटवर सुयांचा डबा. मी गोधड्या शिवते, त्याच विकते, जमलं तर चार जणींना शिकवते. आई-नाना नाशिक रोडला जेल रोडवर राहतात. आई एकोणऐंशीची, नाना चौऱ्याऐंशीचे. नाना प्रेसमध्ये होते. नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचा नाहीतर मुद्रांकांचा छापखाना, वर्तमानपत्राचा कुणाच्या मनातही येत नाही. सगळी नोकरी कागद मोजण्यात गेली, त्यामुळे घरात काहीही आलं-गेलं की नाना आधी मोजतात. चपात्यासुद्धा.

सुयांचं सांगायला हवं. आईच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास सुरू झाल्यापासून तिला समोरच्या वस्तूचा मधलाच भाग दिसत नाही. टाका ती बोटांनी घालते, पण सुई ओवता येत नाही. नानांना सुईचं नाकं दिसतं, पण हात थरथरतो. म्हणून निघताना मी चोवीस सुया दोरे ओवून, गाठ मारून, फ्लॅनेलच्या पट्टीवर रांगेत टोचून ठेवते. त्या संपल्या की फोन येतो, “सुया झाल्या गं.” मग मी तारीख बघते. तारेचं ते सुई ओवायचं यंत्र आणून दिलं होतं. आईनं ते स्टोव्हची पिन म्हणून वापरलं.

या वेळी सहा आठवडे उलटले तरी फोन आला नाही.

मंगळवार

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सव्वापाचला निघाले. या रस्त्याचं एकच शास्त्र आहे : चाकण सहाच्या आत मागे टाकायचं. कंपन्यांच्या बस आणि ट्रेलर एकदा रस्त्यावर आले की पुढचा सगळा हिशेब कोलमडतो. खेड घाट, मंचर, नारायणगाव सगळीकडे बाहेरून रस्ता झाल्यापासून पुढे गाडी पळते, पण चाकणला अजून उतारा सापडलेला नाही.

मंचरच्या पुढे धुकं इतकं दाट होतं की पुढच्या टेम्पोच्या पाठीवरची ‘आई-वडिलांची पुण्याई’ तेवढी दिसत होती, टेम्पो दिसत नव्हता. चाळीसच्या वेगानं त्या पुण्याईमागे आळेफाट्यापर्यंत गेले. तिथे चहा. टपरीवाल्या बाईंनी मागच्या सीटवरचे गठ्ठे पाहून विचारलं, “साड्या विकता का?” म्हटलं, गोधड्या शिवते. “विकत घेतं कोणी?” त्यांना खरंच पटेना. भाव सांगितला तेव्हा त्यांनी हातातलं गाळणं खाली ठेवलं. “म्हणजे माझ्या सासूनं लाखभर रुपयांच्या गोधड्या कुत्र्याच्या पिलांखाली घातल्या म्हणा की!”

चंदनापुरी घाट उतरून संगमनेरपर्यंत ऊन आलं. सिन्नर, मोहदरी घाट, शिंदे-पळशाचा टोल, बिटको चौक. घरी पोहोचले तेव्हा नाना ओट्यावर कानटोपी घालून उन्हात बसले होते. घड्याळ बघून म्हणाले, “चार तास सात मिनिटं. मागच्या खेपेला तीन पंचावन्न.” बसायच्या आत आईनं गुळाची पोळी आणि तुपाची वाटी पुढे केली. संक्रांतीच्या पोळ्या चार दिवसांनी जास्त चांगल्या लागतात, गूळ आत मुरतो.

फ्लॅनेलची पट्टी खिडकीत होती. मोजल्या. चोवीसपैकी सतरा सुयांचे दोरे जसेच्या तसे.

मी काही बोलले नाही. नाना वहीतून वर न बघता म्हणाले, “सतरा शिल्लक. मी रोज मोजतो.” सुई गादीत हरवू नये म्हणून ते रात्री झोपण्याआधी सुया मोजून वहीत लिहितात. शेवटचे पंधरा-सोळा दिवस ओळीनं तोच आकडा होता.

रात्री थंडी कडक पडली. निफाडचा पारा उतरला की त्याचा हिशेब सगळा जिल्हा चुकवतो. अडीचच्या सुमाराला आतून खुडबुड ऐकू आली. दार लोटून पाहिलं तर नाना पाठीवर पडलेले आणि कूस बदलायची धडपड करत होते. अंगावर आजीच्या हातची वाकळ. त्यांना ती उचलवत नव्हती. पाय आधी ओढून घ्यायचे, मग ढोपरानं वाकळ थोडी वर करायची, मग खांदा. तीन वेळा जमलं नाही, चौथ्यांदा जमलं. मी आत गेले नाही. त्यांना आवडलं नसतं.

बुधवार

सकाळी सामान तोलायचा हुकाचा काटा काढून वाकळ लटकवली. चार किलो सहाशे. आईला सांगितलं तर म्हणाली, “मग? ऊब वजनालाच असते.”

ते तसं नसतं. ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. दाट टाक्यांनी घट्ट आवळलेले सहा थर जड होतात, पण तेवढ्या पटीत उबदार होत नाहीत. म्हाताऱ्या माणसांसाठी गोधडी शिवणाऱ्यांना म्हणून सांगते, दोन-अडीच किलोच्या वर जाऊ नका. कमी पडलं तर दोन हलक्या गोधड्या द्या, एक पायाशी राहते. आणि झालर, गोंडे काही लावू नका. रात्री बाथरूमला उठताना पाय त्यातच अडकतो. काठाचा रंग मात्र उठून दिसणारा हवा, म्हणजे अंधुक दिसणाऱ्यालाही कडा कुठे आहे ते कळतं.

कापड हवं होतं, म्हणून नानांना घेऊन बुधवारच्या बाजाराला गेले. गोदाघाटावर दर बुधवारी भाजीपाल्याचा मोठा बाजार भरतो, त्याच्या कडेकडेनं बाकीचं सगळं. (गाडी लांब लावून रिक्षानं जा. मी दोनदा हट्ट करून बघितला आहे.) घाटे, बोरं, उसाची कांडं, वाटाण्याचे ढीग. संक्रांत गेली तरी सुगडात घालायचा सगळा माल अजून होता, भाव तेवढा उतरलेला.

जुन्या कपड्यांच्या रांगेत एक मावशी साड्यांच्या डोंगरावर बसली होती. बोहारणी घरोघर भांडी देऊन जे कपडे नेतात ते शेवटी अशा ढिगांवर येतात. मी सुती लुगडं विचारलं.

“सुती कोण नेतं ताई? हे समदं डाळिंबवाले नेतात, किलोवर. उन्हानं फळावर चट्टे पडतात ना, झाडावर साडी टाकायची. पॉलिस्टर तीन-तीन वर्सं टिकतं. सुती एका पावसात कुजलं.”

“मग सुती आलेलं काय करता?”

“गॅरेजवाले नेतात. हात पुसायला.”

मी ढिगात हात घातला. वीस-पंचवीस साड्या उलथल्यावर एक इरकली निघाली, मग चौकड्याचं एक हिरवं लुगडं, मग एक काळी, बारीक ठिपक्यांची. कुणाच्या तरी संक्रांतीची चंद्रकळा. धुऊन धुऊन काळ्याची राखाडी झालेली, पण हाताला लोण्यासारखी. ग्रीस पुसायला जाणार होती ती. पाच लुगडी साडेचारशेला घेतली. मावशीनं मला मनातल्या मनात वेडी ठरवलं असणार.

जुनं कापड घेताना आधी उन्हासमोर धरायचं. बसून विरलेला भाग चाळणीसारखा दिसतो, तेवढा सोडून कापायचं. मग आडवं ताणायचं, चर्र झालं की परत ढिगात. आणि लाल, काळा, जांभळा रंग असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून बघायचं. नऊवारीचे सव्वादोन वारांचे चार तुकडे पडतात, दोन-दोन जोडले की एका लुगड्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही थर निघतात. साडी नऊ वारांची असण्यात गोधडी शिवणारीची सोय कुणीतरी बघितली होती, असं मला नेहमी वाटतं.

नानांना दुतोंड्या मारुतीपर्यंत जायचंच होतं. नदीत पाणी शांत होतं, मारुती पायापासून डोक्यापर्यंत कोरडा. पावसाळ्यात नाशिककर पुराची पातळी त्याच्यावर मोजतात : गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. नानांनी १९६९चा पूर सांगितला. तो मी चाळीस वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी पाणी थोडं वाढलेलं असतं. मग म्हणाले, “आमच्या प्रेसची शंभरी झाली. मी आपला अजून चौऱ्याऐंशीवरच.” हे त्यांनी मारुतीला सांगितलं की मला, कळलं नाही.

येताना मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याची, वर पापड, शेजारी दही. नानांना तिखट चालत नाही, त्यांनी दही आणि पाव खाल्ले आणि माझ्या पावांची संख्या घरी आईला सांगितली.

गुरुवार

आईशी वाकळीवरून बोलणं काढायला सकाळचा चहा, दुपारचा चहा असं करत संध्याकाळ उजाडली असती. पण तिनंच अकराच्या सुमाराला विचारलं, “ते रात्री झोपत नाहीत ना?” म्हणजे तिलाही ठाऊक होतं. पस्तीस वर्षं जी वाकळ सासूची म्हणून जपली ती ढोपरानं उचलावी लागते हे तिनं ऐकलं होतं, दिसत नसलं तरी.

“सोड काठ,” ती म्हणाली. “पण वरचा थर फाडायचा नाही.”

खोलीतला पलंग भिंतीला लावून आम्ही वाकळ जमिनीवर पसरली. चार कोपऱ्यांवर पाट, वरवंटा आणि नानांचे दोन बूट. आई बसली आणि तिनं डोळे मिटले. डोळे उघडे ठेवले की उगाच बघायचा मोह होतो, असं तिचं म्हणणं. मग बोटांची टोकं टाक्यांवरून सरकत गेली. एका जागी थांबली.

“इथं सासूबाईंचा हात संपला. इथून माझा.”

मी वाकून बघितलं. मला दोन्हीकडचा धावता टाका सारखाच दिसत होता. तिनं माझं बोट धरून फिरवलं. आजी डावरी होती. तिचा प्रत्येक टाका तांदळाच्या दाण्यासारखा डावीकडे किंचित कललेला, आईचा उजवीकडे. डोळ्यांनी ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं आणि मी लोकांना गोधडी शिकवते!

काठ उसवायला तास गेला. दाभणाच्या टोकानं एक टाका उचलायचा, कात्रीनं तोडायचा, पाच टाके सोडून पुन्हा. सरळ ओढून काढायच्या मोहात पडू नका, जुनं कापड दोऱ्याबरोबर फाटतं. आत काय निघालं ते सांगते : वरच्या-खालच्या लुगड्यांमध्ये चार थर. एक धोतर. एक चादर, मधोमध इस्त्रीनं जळालेली. आट्याच्या पिशव्या उसवून जोडलेलं जाड कापड, त्यावर निळ्या अक्षरांची अर्धी ओळ. आणि सर्वांत आत एक आख्खं दुपटं. स्वतःच्या टाक्यांसकट, कडेला लाल पट्टी, जसंच्या तसं शिवून टाकलेलं. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात घालतात हे मला माहीत होतं, पण हे कुणाचं दुपटं ते आईलाही सांगता येईना. तिनं ते बराच वेळ चाचपलं. “टाका सासूबाईंचा नाही. त्यांच्या आधीचा.”

नानांनी सगळे थर मोजले, वहीत लिहिले.

जळकी चादर आणि पिशव्यांचं कापड बाहेर काढलं. दुपटं मी बाजूला ठेवलं होतं. आई म्हणाली, आतच राहू दे, पण पायाकडे घाल. त्यांचे पाय गार पडतात. वरचं लुगडं जिथे विरलं होतं तिथे बुधवारच्या चंद्रकळेची ठिगळं लावायचं ठरलं. कच्चे टाके मी घातले, आणि काठापासून आत असे पक्के टाके घालायला आम्ही दोघी समोरासमोर बसलो.

दुपारी तीन ते साडेसहा. आईनं एकामागून एक पाच सुया रिकाम्या केल्या. दोरा संपला की सुई न बघता माझ्याकडे पुढे करायची, मी दुसरी हातात द्यायची. दीड हाताचाच दोरा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो, हे तिनं मला दोनदा सुनावलं.

मी शेवटी विचारलंच. “सहा आठवड्यांत सात सुया आणि आज एका दुपारी पाच?”

“एकटीनं काय शिवायचं?” ती म्हणाली. “टाका दाखवायचा कुणाला? हे नुसते मोजतात.”

आतून नानांचा आवाज आला, “ऐकू येतं मला.”

सहा आठवडे मी मनात काय काय धरून बसले होते. डोळे आणखी गेले, बोटांतली ताकद गेली, डोकं चालत नाही. डॉक्टरांची वेळसुद्धा शुक्रवारी घेऊन ठेवली होती. घेतलीच होती म्हणून नेऊन आणलं. डोळ्यांचं होतं तसंच आहे.

शुक्रवार

दोन गोष्टी झाल्या, एक फजितीची.

काढून ठेवलेले थर धुवायचे म्हणून मी मशीनमध्ये टाकले. पिशव्यांच्या कापडानं पाणी इतकं प्यालं की पिळायच्या वेळी मशीन थडाथडा उड्या मारत बाथरूमच्या दारापर्यंत चालत आलं आणि दारात अडकलं. मी आत, मशीन मध्ये, नाना बाहेर. “वायर ओढू का?” “नाना, ओल्या हातानं नको!” शेवटी कामाच्या मावशींनी मेन स्विच बंद केला. जाड गोधडी मशीनमध्ये घालू नये हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. मोठ्या टबात पायांनी तुडवायची, न पिळता निथळू द्यायची आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवायची, म्हणजे एका रेषेवर भार येत नाही.

संध्याकाळी आईचं हळदीकुंकू. रथसप्तमीपर्यंत गल्लीत रोज कुणाकडे तरी असतंच. आईनं वाण म्हणून सुयांचं पाकीट आणि दोऱ्याचं रीळ आणायला सांगितलं होतं. मला वाटलं, बायका नाकं मुरडतील, हल्ली प्लॅस्टिकच्या डब्यांची सवय. आठ-दहा जणी आल्या, तिळगूळ झाला, आणि त्यांच्या नजरा पसरलेल्या वाकळीवर गेल्या. समोरच्या काकूंनी साडीचा घोळ आवरला आणि खाली बसून विचारलं, “मी घालू का दोन टाके?” मग एक-एक करत चौघी बसल्या. एकीचा टाका बोटभर लांब. आईनं हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “हे उसव.” तिनं हसत उसवला. निफाडकडे माहेर असलेल्या एकीनं सांगितलं, तिचा भाऊ या थंडीत पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, मणी तडकू नयेत म्हणून. “त्याला द्या अशी एक. रात्रभर बागेतच असतो.” मी मनात ऑर्डर लिहून घेतली.

साडेनऊपर्यंत शेवटचा कोपरा झाला. काट्यावर दोन किलो तीनशे. रात्री अडीचला मी मुद्दाम जागी राहिले. आतून फक्त घोरणं ऐकू येत होतं.

शनिवार

सकाळी सुया ओवायला बसले. समोरच्या काकू आणि आणखी एक जण मंगळवारी दुपारी येणार म्हणाल्या आहेत. येतील तेव्हा खरं. तरी या वेळी चोवीसच्या तीस केल्या. नानांनी वहीत लिहिलं : ओवलेल्या सुया, नग ३०.

उरलेली लुगडी आईनं ठेवून घेतली. बदल्यात जळक्या चादरीचा चांगला भाग आणि अर्धा डबा गूळपोळ्या मला मिळाल्या. द्राक्षं घ्यायचा विचार सोडून दिला, जानेवारीतली अजून आंबट असतात, गोडी फेब्रुवारी-मार्चची.

साडेदहाला निघाले. सिन्नरच्या अलीकडे एरवी न दिसलेलं एक दिसलं : रस्त्याकडेच्या डाळिंबाच्या बागेवर रांगेनं साड्या. गुलाबी, पोपटी, जरीच्या काठाची निळी. बुधवारच्या बाजारातल्या मावशीचं गिऱ्हाईक. वाऱ्यावर सगळ्या एकदम फुगत होत्या. गाडी थांबवून फोटो काढला, पण त्यात नुसत्या साड्या आल्या, वारा आला नाही.

चंदनापुरी घाट चढून वर चहाला थांबले तेव्हा फोन वाजला. नाना.

“किती ओवल्या होत्यास?”

“तीस.”

“एकोणतीस भरतायत. दोनदा मोजल्या. गादी झटकली, तिला उठवलं, खालची चटई उलटी केली. एक सुई कमी आहे.”

मी उठून उभी राहिले. सीट चाचपली, पर्स उलटी केली. चहावाला बघत होता. मग स्वेटरकडे लक्ष गेलं. डाव्या खांद्याजवळ, ओवताना सवयीनं टोचून ठेवलेली. खाली दीड हाताचा पांढरा दोरा लोंबत होता, टोकाला गाठ. अशीच घरापासून आले होते.

“सापडली नाना. माझ्या स्वेटरला आहे.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“बरं. तुझ्या नावावर टाकतो. पुढच्या खेपेला आण.”